बिनपाण्याचं अंगण

आमच्या मिहिरने बंगळुरात बसून माझं लातूरचं अंगण सजवलं. फोनवर फोटो मागवले, मापं मागवली आणि एके दिवशी दोन माणसं टेम्पो घेऊन दारात हजर. "अण्णा, आता पाणी घालायला नको, पाला झाडायला नको. नुसतं मजेत बसायचं," चिरंजीव म्हणाले. टँकरच्या पाण्यावर उन्हाळे काढलेल्या माणसाला आणखी काय हवं? माझे गुडघेही कुरकुरायला लागले होते. मी हो म्हणून बसलो.

तगर गेली, कण्हेर गेली, कोपऱ्यातला बेलही गेला. बेलाची मुळं फरशी उचलतात म्हणे. जमिनीवर सिमेंटचे ब्लॉक बसले, त्यावर नकली हिरवळ अंथरली. भिंतीवर प्लास्टिकची वेल चढली, कडेला उन्हावर चार्ज होणारे दिवे, मधोमध बाक. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या क्लासच्या मुलींनी हिरवळीवर उभं राहून फोटो काढले आणि कानांत इअरफोनची बोंडं घालून निघून गेल्या. त्यांना डॉक्टर व्हायचंय, त्यांच्यावर माझा राग नाही. थोडा आहे.

काम झालं तेव्हा समोरच्या गौरम्मा माहेरी गेल्या होत्या; परतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ताट घेऊन आल्या. ही बाई कित्येक वर्षं माझ्या अंगणात येऊन, मला न विचारता, पूजेची फुलं तोडत आली आहे. पूजेसाठी फुलं नेणं याला आमच्या गल्लीत चोरी म्हणत नाहीत. उलट ज्याची फुलं गेली त्यालाच पुण्य लागतं म्हणे. मी खिडकीतून ओरडायचो, "अहो, कळ्या तरी ठेवा!" त्या म्हणायच्या, "देवाला वाहून राहिले सर, भाजी करून न्हाई खात." मग फाटकाशी उभ्या राहून माहेरचं, उदगीरचं, काहीबाही सांगत बसायच्या. दिवसभरात माझ्याशी तेवढंच कुणीतरी बोलायचं.

ती झाडं भूकंपानंतरची. तेव्हा छताखाली झोपायची कुणाची छाती होत नव्हती. आमचं आणि गौरम्मांचं, दोन्ही कुटुंबं कितीतरी महिने याच अंगणात राहिली. स्वयंपाक इथं, माझ्या शिकवण्या इथं. "उघड्यावर राहायचंच आहे, तर जरा बरं तरी दिसू दे," म्हणून माझ्या बायकोने, प्रमोदिनीने, तगर लावली. बेलाचं रोप आणलं ते गौरम्मांच्या यजमानांनी, गुंडप्पांनी. आता दोघंही नाहीत.

गौरम्मा फाटकातच थबकल्या. सगळीकडे बघून त्यांनी विचारलं, "बेल बी काढलाव का?"

"मुळं फार पसरली होती," मी म्हणालो.

"हाव. झाडाला मुळं असतेतच की." ताट पदराखाली धरून त्या परत गेल्या.

मग त्या आल्याच नाहीत. मी त्यांच्या दारात जाऊन चहाला बोलावलं. "येते की," म्हणाल्या, पण आल्या नाहीत. कशा येतील? एकट्या म्हाताऱ्याच्या अंगणात एकटी बाई नुसत्या गप्पा मारायला येत नसते. फुलं होती म्हणून येण्याला कारण होतं. ते कारण मी टेम्पोत भरून पाठवून दिलं होतं.

संध्याकाळ झाली की दिवे आपोआप लागायचे. त्या अंगणाला कुणाचीच गरज नव्हती, माझीसुद्धा. बाकावर बसून मला इतकं एकटं वाटायचं की मी लवकरच आत जायचो. मिहिरने फोनवर विचारलं, "कसं वाटतंय?" मी म्हणालो, "झकास."

शेवटी एका सकाळी रिक्षा करून गंजगोलाईचा बाजार गाठला आणि पांढरी शेवंती घेतली, बेलाची पानं घेतली. पुडा तसाच नेऊन दिला असता, तर त्यांनी दारात घेऊन दार लोटलं असतं. म्हणून बाक भिंतीशी ओढला, त्यावर चढलो आणि एकेक फूल शिवणाच्या दोऱ्याने त्या प्लास्टिकच्या वेलीला बांधलं. मधेमधे बेलाची पानं अडकवली. वेल मोठी विचित्र दिसत होती. फाटक सताड उघडं ठेवलं आणि खिडकीआड उभा राहिलो.

गौरम्मा समोर आपलं दार झाडत होत्या. त्यांनी वर पाहिलं, झाडू टेकवून ठेवला आणि आत आल्या. एक फूल धरून जरा ओढलं. दोरा दिसला. त्यांनी खिडकीकडे नजर टाकली, तशी मी मान खाली घातली. त्या तशाच निघून गेल्या.

थोड्या वेळाने फाटक वाजलं. त्या ताट घेऊन आल्या होत्या. एकेक गाठ नखाने सोडवत त्या फुलं काढू लागल्या. शेवटची गाठ काही केल्या सुटेना, तेव्हा खिडकीकडे न बघताच म्हणाल्या,

"सर, उद्यापासून गाठी जरा सैल मारा. बोटं दुखून राहिलेत."