भिंगरीची वेळ दाखवणारा लाल काटा

मित्रांनो, मी एक जुनं मनगटी घड्याळ आहे आणि मला चार काटे आहेत. तुमच्या भिंतीवरच्या घड्याळाला तीन असतात: तासाचा, मिनिटाचा आणि सेकंदाचा. माझा चौथा काटा लाल आहे. तो इतका संथ चालतो, की दिवस आणि रात्र मिळून त्याची तबकडीभोवती एकच फेरी होते. माझ्या तोंडाभोवती एक गोल कडं आहे, त्यावर चोवीस तासांचे आकडे. कड्याचा लाल भाग दिवसाचा, निळा भाग रात्रीचा. हे कडं बोटांनी नीट फिरवून ठेवलं, की नेहमीचे काटे इथली वेळ सांगतात आणि लाल काटा दूरच्या एखाद्या देशातली. एका मनगटावर दोन गावं नांदतात म्हणा ना!

माझा जन्म एका मोठ्या नावाच्या कारखान्यात झाला. उंच खिडक्यांपाशी लांब टेबलं मांडलेली असत आणि पांढऱ्या कोटातल्या बाया डोळ्याला भिंग लावून त्यांवर वाकलेल्या असत. माझे काटे बसवणारी बाई अक्षरशः श्वास रोखून काम करी. लाल काटा जागेवर बसला तेव्हा तिने हुश्श केलं आणि शेजारणीला म्हणाली, "झाला बघ नवरदेव तयार!" इतकं कौतुक ऐकल्यावर मी थोडा फुशारलोच.

माझा पहिला मालक विमानाचा कप्तान होता. त्या काळी लांबच्या उड्डाणांवर जाणाऱ्यांसाठीच आम्हाला घडवत असत. माझा कप्तान जिथे उतरेल तिथली वेळ लावी आणि लगेच कडं फिरवून लाल काट्यावर घरची वेळ धरी. घरी त्याची आई होती. परक्या शहरात हॉटेलच्या पलंगावर बूट काढता काढता तो माझ्याकडे बघून स्वतःशीच पुटपुटे, "आता आई झाडांना पाणी घालत असेल." बरोबरचे वैमानिक त्याची थट्टा करत. पुढे आई गेली. तरी प्रत्येक विमानतळावर उतरल्यावर त्याची बोटं आपोआप माझ्या कड्याकडे जात आणि घरची वेळ लावत. आता कुणी थट्टा करत नसे.

नोकरी संपली त्या दिवशी त्याने कडं मूळ जागी आणून ठेवलं. पुन्हा ते फिरवायची गरज पडली नाही. तो वारल्यावर त्याच्या पुतण्याने मला एका खणात टाकलं. तिथे जुने चष्मे, संपलेले सेल आणि कुठल्या कुलपांच्या ते कुणालाच ठाऊक नसलेल्या किल्ल्या होत्या. मित्रांनो, माझी चावी हाताच्या हालचालीवर भरते. हातच नाही, तर हालचाल कुठली? दोन दिवसांत मी थांबलो. बंद घड्याळाला वेळ कळत नाही, त्यामुळे तिथे किती वर्षं काढली ते मी सांगू शकत नाही. एवढं खरं, की बाहेर आलो तेव्हा माझ्या कड्याचा निळा रंग धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखा झाला होता आणि तबकडीवरचे पांढरे ठिपके सायीसारखे पिवळसर पडले होते.

पुतण्याने मला एका घड्याळजीच्या दुकानात दिलं. तिथे मला डॉक्टरांनी पाहिलं. हे दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावायची सवय, त्यामुळे नजर बारीक. त्यांनी मला उलटं केलं, सुलटं केलं, मागचं झाकण उघडून घेतलं आणि भिंग लावून असे काही बघत राहिले, की आता "आ करा" म्हणतात की काय असं मला वाटलं!

घड्याळजी म्हणाला, "डॉक्टर, पॉलिश मारून देतो, कडं नवीन टाकतो. आरशासारखं चकाकेल बघा."

"आरसा आहे माझ्या घरी," डॉक्टर म्हणाले. "ह्याचा एक ओरखडासुद्धा घालवू नका. आतून स्वच्छ करा, तेल द्या, बस्स. हे वय कमवायला त्याला किती वर्षं लागली असतील!"

त्या क्षणी मला हा माणूस आवडला. जुन्या वस्तूचं म्हातारपण न लपवता तिच्यावर प्रेम करणारी माणसं थोडी असतात.

डॉक्टरांच्या घरी लोखंडी कपाटात मखमलीची पेटी होती आणि तिच्यात माझ्यासारखी बरीच मंडळी. रविवारी डॉक्टरांचे हौशी मित्र जमत. हातरुमाल अंथरून मला त्यावर ठेवत. "काय रंग उतरलाय! असा मुद्दाम करायचा म्हटलं तरी होणार नाही," एक जण म्हणे. दुसरा माझ्या काट्यांची तारीफ करी. माझी स्तुती ऐकून मला बरं वाटे, खोटं कशाला बोलू? पण त्या सगळ्यांत एकानेही मला किती वाजले ते विचारलं नाही. डॉक्टरांची बायको चहा ठेवता ठेवता म्हणे, "एवढी घड्याळं जमवलीत, पण जेवायला वेळेवर आल्याचं मला तरी आठवत नाही!"

डॉक्टरांना एकुलती एक लेक. एका जागी बसत नसे म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. रविवारी ती दारातून डोकावे. माझं लाल-निळं कडं तिला फार आवडे. एकदा तिने बोट पुढे केलंच. डॉक्टर केवढ्याने ओरडले, "भिंगरी, हात नाही लावायचा! ते ठिसूळ झालंय, तडकेल!" पोरीने हात मागे घेतला. पुन्हा ती त्या खोलीत आली नाही.

भिंगरी मोठी झाली, इंजिनियर झाली. डोंगराच्या पोटातून बोगदे खणायचं काम तिने निवडलं. दूरच्या देशातून बोलावणं आलं तेव्हा डॉक्टर चिडले. "इथे काय बोगदे नाहीत? तिकडे तुला कोण आहे?" ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. शेवटी ती उसळून म्हणाली, "पप्पा, मलाही डबीत ठेवणार आहात का?"

ती गेली. तिथेच तिचं लग्न झालं, संसार सुरू झाला. डॉक्टर फोन करत, पण नेमके नको त्या वेळी. यांचा सकाळचा चहा व्हायचा तेव्हा तिकडे लोक गाढ झोपलेले असत. "पप्पा, जरा घड्याळ बघून करत जा ना फोन," ती एकदा वैतागून म्हणाली. घड्याळांच्या शौकिनाला हे असं ऐकावं लागलं! डॉक्टरांना ते फार लागलं. त्यांनी फोन करणंच सोडलं. मग ती आईशी बोले आणि डॉक्टर शेजारच्या खोलीत कान देऊन ऐकत. बाप आणि लेक, दोघंही एका माळेचे मणी! आधी कोण बोलणार, यावर सगळं अडलं होतं.

एके दिवशी जावयाचा फोन आला. भिंगरीला मुलगी झाली होती, पण फार लवकर, दिवस भरण्याच्या कितीतरी आधी. बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. भिंगरी कुणाशी बोलत नव्हती, नुसती पेटीपाशी बसून होती. इकडे भिंगरीच्या आईच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, तिला पाऊल टाकता येत नव्हतं, आणि तिला एकटं टाकून डॉक्टरांनाही निघता येत नव्हतं. जावई म्हणाला, "इथली नर्स म्हणते, घरच्यांचे आवाज बाळाला ऐकू द्या. सकाळी तपासणी झाली की थोडा वेळ ती फोन पेटीजवळ धरेल. पण वेळ चुकवू नका."

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी वेळ चुकवली. दवाखान्यात एका दाढेशी झटापट चालली होती. मोबाइल खणात, दोन्ही हात दुसऱ्याच्या तोंडात. दाढ निघाली आणि बाहेर येऊन बघतात तर तिकडची नर्स केव्हाच दुसऱ्या कामाला निघून गेली होती.

त्या संध्याकाळी त्यांनी कपाट उघडलं आणि मला बाहेर काढलं. पलंगावर पाय उशीवर ठेवून बसलेल्या बायकोसमोर ते खुर्ची ओढून बसले. काटे लावले. मग माझं कडं धरलं. ते जागचं हलेना. इतक्या वर्षांचा मळ बसला होता.

"अहो, तडकेल ना ते," बायको म्हणाली.

"तडकू दे."

मोठमोठ्या दाढा उपटणारी ती बोटं. त्यांनी जोर लावला, आणि कट् असा आवाज झाला. माझ्या कड्याला आरपार केसाएवढी चीर गेली. डॉक्टर क्षणभर थबकले. पण कडं सैल झालं होतं. त्यांनी ते हळूहळू फिरवलं आणि लाल काट्याखाली भिंगरीची वेळ आणून ठेवली. मित्रांनो, मला दुखलं का, असं विचाराल, तर मला एवढंच कळलं की कुणालातरी माझं काम पडलं आहे.

दुसऱ्या दिवसापासून मी दवाखान्यात जाऊ लागलो. लाल काटा ठरलेल्या आकड्यावर आला, की डॉक्टर समोरच्या माणसाला म्हणत, "जरा चूळ भरा, माझी नात वाट बघतेय." आणि आतल्या खोलीत जाऊन फोन लावत. पहिल्यांदा घसा खाकरून ते म्हणाले, "हे बघ बाळ, तुला अजून एकही दात नाही, तेव्हा माझ्याकडे यायची तुला काही घाई नाही. पण बाकी सगळी अंगं नीट वाढव. आणि हो, गोड खाऊन झोपायचं नाही." नर्सला भाषा कळत नव्हती, तरी ती हसली. रोज असं चाललं. दुधाचे दात किती, अक्कलदाढ कुठे येते, सगळं त्या मुठीएवढ्या पोरीला सांगून झालं.

मग तो दिवस आला. डॉक्टरांनी वेळेवर फोन लावला, पण उचलला भिंगरीने. "पप्पा, आज नको," ती रडतच म्हणाली. "तिला श्वास घेता येत नाहीये. डॉक्टर लोक आत आहेत. मला बाहेर उभं केलंय."

"बरं."

"ठेवते मी."

"ठेवू नकोस," डॉक्टर म्हणाले. "बोलू नकोस हवं तर. मी इथेच आहे, फोन कानाला धरून."

तिने फोन ठेवला नाही. मी त्यांच्या कानाशी होतो. त्यांच्या मनगटाची नाडी माझ्यापेक्षा कितीतरी जोरात पळत होती. बाहेर लोक खोळंबले होते, मदतनीस बाई एकदा डोकावून गुपचूप परत गेली. बऱ्याच वेळाने भिंगरी म्हणाली, "पप्पा, तुम्ही आहात ना?"

"आहे."

"तेव्हा मी फार टोचून बोलले होते."

"मी तसाच वागलो होतो गं. ते जाऊ दे."

थोड्या वेळाने तिकडे एक दार उघडल्याचा आवाज आला, कुणीतरी भराभरा काही सांगितलं आणि मग मागून एक बारीक, चिरका, रागावलेला आवाज ऐकू आला. बाळ रडत होतं. डॉक्टर भिंतीला टेकून खाली बसले. "रडू दे तिला," ते म्हणाले, "चांगलं मोठ्याने रडू दे!" आणि तेही रडत होते.

बाळ वाचलं. पेटीतून कुशीत आलं, कुशीतून घरी गेलं. रविवारच्या मित्रांनी माझी चीर पाहून कपाळाला हात लावला. "अरे, काय करून बसलास! संग्रहातून बादच झालं की हे." डॉक्टर हसून म्हणाले, "संग्रहातून बाद झालं, पण कामावर रुजू झालं."

पोरगी चालायला लागल्यावर सगळे डॉक्टरांकडे येऊन गेले. समोरचे दोन दात दाखवत ती आजोबांच्या खांद्यावर बसून घरभर हिंडली. परत जायच्या दिवशी डॉक्टरांनी मला मनगटावरून सोडलं आणि भिंगरीच्या हातावर बांधलं. पोलादी पट्टा तिला मोठा होत होता. मग घड्याळजीकडे जाऊन त्यांनी पट्ट्याच्या दोन कड्या काढून तो लहान करून आणला.

आता मी बोगद्याच्या कामावर असतो. धूळ आहे, हादरे आहेत, पण दिवसभर हात हलतो, त्यामुळे माझी चावी कधी उतरत नाही. भिंगरी दरवर्षी मला पुसून, तेलपाणी करून आणते. मित्रांनो, तुमच्याही घरी एखादं जुनं घड्याळ खणात पडलं असेल. त्याला बाहेर काढा. घासून नवं करू नका. जाणत्या माणसाकडून आतून स्वच्छ करून घ्या आणि मग हातावर बांधा. कपाटात आम्ही सुरक्षित राहतो, पण जगतो ते मनगटावर. आणि तुमचं कुणी माणूस दूर असेल, तर त्याच्याकडे आत्ता किती वाजलेत ते ठाऊक असू द्या.

चला, इथे जेवणाची सुट्टी झाली. भिंगरीने हेल्मेट काढून गुडघ्यावर ठेवलं आहे आणि ती आता पप्पांची वेळ दाखवणाऱ्या माझ्या लाल काट्याकडे बघते आहे. तिकडे पप्पांचा दवाखाना आत्ता बंद होत असेल. तिने फोन लावला आहे. तिकडे उचलला, बरं का!