देवीची भूक आणि मद्रासचा सिनेमा

आमच्या घरी श्रावणी शुक्रवारी कहाणी संपेपर्यंत पाणीदेखील प्यायचं नाही. मुठीत अक्षता धरून ऐकायचं, शेवटी त्या देवीला वाहायच्या, मग पानं. कहाणी सांगायची माझ्या चंद्रमती आत्यानं. ती अशी: सासू तांदळाच्या कोठीला कुलूप लावते. उपाशी सून देवीपुढे ठाण मांडते, "मी जेवल्याशिवाय तुला नैवेद्य नाही." शेवटी भुकेनं देवीच कासावीस होते, कुलूप तोडते, सुनेशेजारी पाट मांडते आणि सासूला म्हणते, "वाढ." म्हणून त्या दिवशी आमच्यात सासू सुनेला पहिलं पान वाढते. एरवी वर्षभर सून शेवटी जेवते, काही उरलं तर.

अठ्ठावन्न साली मद्रासच्या एका कंपनीनं या कहाणीचा सिनेमा काढला. आमच्या तंजावुरात महिनाभर चालला. त्यातली सून आनंदानं उपाशी राहते. कानात हिऱ्याच्या कुड्या आणि रिकाम्या पोटी गाण्यांवर गाणी! देवी तारांवरून उतरते आणि म्हणते, "भूक हाच बाईचा दागिना." मग सून सासूचे पाय धरते. माझी आई, हिराबाई, दोनदा पाहून आली आणि दोन्हीदा रडली.

"यंदा सिनेमातली सांग चंद्रमती," तिनं फर्मान काढलं. "तीच खरी. आणि कनकलता, तू सगळ्यांचं झाल्यावर बस."

कनकलता म्हणजे माझी वहिनी. तिला पाचवा महिना होता आणि सकाळपासून पोटात पाण्याचा थेंबही नव्हता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण लग्नाच्या मुलीचं कोण ऐकतं!

"बरं वहिनी," आत्या आईला म्हणाली. "सिनेमा तर सिनेमा."

तिनं सुरुवात केली ती पडद्यावरच्या नावांपासून. मग गाणी, प्रत्येक ओळ दोनदा. मग विनोदी नटाच्या हरवलेल्या बैलाची भानगड. आतून तळलेल्या वड्यांचा वास येत होता. वहिनीकडे बघून माझा जीव खालीवर होत होता. पण तिला उपासाची सवय होती, आईला नव्हती.

अचानक आत्या गप्प बसली.

"आता काय?" आईनं विचारलं.

"इंटरव्हल. लोक सोडा पितात. आपल्याला पाणी चालत नाही, म्हणून नुसतं बसायचं."

इंटरव्हल संपली, आत्यानं पुन्हा गाणी धरली. दुपार कलली. आईच्या पोटात कावळे ओरडत होते, मुठीतल्या अक्षता घामानं भिजल्या होत्या.

"पाट्टु सोड गं, पुढचं सांग!"

"असं कसं? गाण्याशिवाय ती देवी उतरत नाही." आत्यानं पुन्हा सूर लावला.

"पोदुम! पुरे झालं!" आई ओरडली. "मला चक्कर येत्ये. शेवट आपलाच सांग."

"आपल्या शेवटात सासूला वाढावं लागतं."

"वाढत्ये हो! पण आटप!"

आत्यानं चार वाक्यांत देवीला जेवायला बसवलं. अक्षता पडल्या. आई भिंत धरून उठली आणि तिनं वहिनीला पहिलं पान वाढलं. वहिनी कुणाकडेही न बघता जेवली. आई आपल्या पाटाकडे वळली, तेवढ्यात वहिनीनं मान वर केली. लग्न होऊन आल्यापासून तिनं या घरात काही मागितलं नव्हतं.

"अजून," ती म्हणाली.

आई तशीच मागं फिरली आणि तिनं वाढलं.