बेळ्ळंदूरपेक्षा पुणे जवळ

मित्रांनो, मी एक जुनी, पिवळी टेप आहे. शिंप्याच्या गळ्यात लोंबते ना, ती. माझ्या एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. जन्मापासूनच अशी दुतोंडी असल्यामुळे माझा गोंधळ लवकर उडतो. पण हल्लीचा गोंधळ काही सुटता सुटत नाही.

बेंगळुरूच्या चामराजपेटेत हंबीररावांच्या गळ्यात माझं आयुष्य गेलं. शर्ट, पँट, शाळेचे गणवेश, सगळ्यांची मापं मी बरोबर दिली. गिऱ्हाईकं शिलाईची तारीफ करायची, माझं नाव कुणी काढायचं नाही. त्याचं मला थोडं वाईट वाटायचं.

एके दिवशी हंबीररावांच्या मुलीला, स्वानंदीला, पुण्यात नोकरी लागली. तिची आई सगुणाबाई अडून बसली. "नको गं बाई, केवढं लांब ते!"

हंबीररावांनी भिंतीवरच्या नकाशावर मला ताणून धरलं. बेंगळुरू ते पुणे जेमतेम चार इंच भरले. मीच सांगितलं म्हणजे ते खरंच असणार.

"आणि आई, विमानानं दीड तास," स्वानंदी म्हणाली.

"दीडच? हितल्या हितं, गावातल्याच बेळ्ळंदूरला मावशीकडं जायला दोन तास लागत्यात. म्हंजे पुणं जवळच की! सरी, हरकत न्हाई, जा."

मी चक्रावले. लांबी तासांतही मोजतात, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

निघायच्या घाईत हंबीरराव मला गळ्यात घेऊनच विमानतळावर गेले. दाराशी मुलगी त्यांना बिलगली, आणि मी तिच्या बॅगेच्या बक्कलात अडकून थेट आत! विमानात सांगितलं, अंतर सातशे किलोमीटरहून जास्त आहे. मग माझे चार इंच कुठे गेले?

पुण्यात उतरल्यावर स्वानंदीनं फोन लावला.

"पोचलीस? बरं झालं. मी अजून घरच्या वाटंवर, हेब्बाळलाच हाय. स्वल्प ट्राफिक हाय."

"अप्पा, तुमची टेप माझ्याबरोबर आली. कुरियर करू?"

"नको. तू येशील तवा आण."

"दीडच तास, अप्पा. केव्हाही येईन."

त्यानंतर मी खणात पडले. दिवाळी गेली, संक्रांत गेली, उगादीही गेली. स्वानंदी वाईट नाही हो. पण केव्हाही जाता येतं, म्हणून आजच निघावं असं तिला कुठल्याच दिवशी वाटत नाही. जवळ असलेलं माणूस इतकं लांब कसं जातं, हे मला कळत नाही.

काल सगुणाबाईंचा फोन आला. "तुझे अप्पा दोऱ्याला गाठी मारून मापं घेत्यात गं. गिऱ्हाईकं हसत्यात. नवी टेप घ्या म्हटलं, तर म्हणत्यात, कशाला? स्वानंदी आणतीय की."

फोन ठेवल्यावर स्वानंदीनं मला खणातून काढलं, पुसलं आणि पर्समध्ये ठेवलं. तिकीट मात्र अजून काढलेलं नाही. मी निघाले आहे की नाही, हे मलाच माहीत नाही.

मित्रांनो, मला इंच समजतात. किलोमीटर आणि तास माझ्या आवाक्याबाहेरचे. पण एवढं सांगते. घरी कुणी तुमची वाट पाहत असेल, तर त्यांना अंतर सांगू नका, 'केव्हाही' तर मुळीच म्हणू नका. वार सांगा, आणि त्या वारी जा.