खांद्याचं माप

अकरा महिने झाले तरी दिगंबर पोरेच्या डाव्या खांद्यावरून थोरल्या भावाची तिरडी उतरली नव्हती. तसं सगळं रीतसर पार पडलं होतं. आण्णाला अग्नी दिला, राख नदीत सोडली, तेराव्याला गाव जेवून गेलं. पण नदीच्या वाटेवर विसाव्याचा ओटा आहे, तिथे तिरडी टेकवून पुढचे खांदेकरी मागे आणि मागचे पुढे होतात. तेव्हा दिगंबर जागचा हलला नव्हता. लोक म्हणाले, मास्तर, खांदा बदला. तो म्हणाला, नको, मला पेलतंय. लोक आण्णाला घेऊन पुढे गेले, आणि दिगंबर घरी आला तो तिरडी खांद्यावर घेऊनच.

तिरडीचे बाकीचे तीन कोपरे कुणाच्याच खांद्यावर नव्हते, तरी ती सरळ असे. त्याच्या बायकोने, शैलाने, पहिला आठवडा रडून काढला, मग मागच्या बांबूवर टॉवेल वाळत घालू लागली. बाईमाणसाला संसार बघावाच लागतो. दिगंबरने शिलाई मशीन दुकानाच्या आत सरकवलं, म्हणजे आण्णाचं डोकं उंबऱ्यात सावलीला येई. गिऱ्हाइकं वाकून आत येत आणि हवापाण्याचं बोलत. झोपायचं ते खुर्चीत बसून. स्वतःच्या सदऱ्याचा डावा खांदा तो दोन बोटं उतरता शिवी.

वजन मात्र रोज मूठभर वाढत होतं. दिवाळीच्या गर्दीत त्याचा डावा पाय पायडलवरून उचलेना. शिवता आलं नाही तर आपण कोण, हे त्याला सांगता आलं नसतं, आणि ते त्याला कुणी विचारलंही नाही.

एके दिवशी एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर रामलिंग गुरव सदरा शिवायला आला. दिगंबरने टेप लावली. उजवा खांदा दोन बोटं खाली होता. रामलिंगच्या मागे, पार रस्त्यापर्यंत, त्याच्या तरण्या मुलाची तिरडी होती. दिगंबरने काही न विचारता माप तसंच उतरवून घेतलं. जाताना रामलिंग म्हणाला, "मास्तर, रविवारी सकाळी मोकळे आहात का?"

रविवारी ते चौघे जमत. रामलिंग, वडिलांचा जनाजा खांद्यावर असलेला इलाही मुजावर, आता दिगंबर, आणि रिकाम्या खांद्याचा जोतिबा. जोतिबाच्या भिडूची तिरडी मागेच उतरली होती, पण चार खांदे लागतात म्हणून तो येत राहिला होता. रीत साधी होती. प्रत्येकाचा एक खांदा मोकळा होताच, तो दुसऱ्याच्या ओझ्याखाली द्यायचा. ज्याचं ओझं त्याने नदीच्या वाटेने चालता चालता बोलायचं, बाकीच्यांनी गप्प राहायचं. खरं बोललं की वजन उतरे. खोटं बोललं की बाकी तिघांचे गुडघे वाकत.

पहिल्या रविवारी रामलिंगने सांगितलं की पोराचा शेवटचा फोन त्याने कबड्डीची मॅच चालू होती म्हणून उचलला नाही. इलाही त्याच्या रविवारी काहीच बोलला नाही, वाटभर नुसता रडला, आणि तरी जनाजा हलका झाला. दिगंबरला त्यांचा हेवा वाटला. एवढी वर्षं गावात राहून त्याने या माणसांच्या फक्त कॉलरी मोजल्या होत्या.

त्याने जोतिबाला विचारलं, उतरल्यावर कसं वाटतं. जोतिबा म्हणाला, "रिकामं वाटतं. अजून दारातून जाताना मी तिरकाच होतो." त्या दिवसापासून दिगंबरला वजनापेक्षा रिकाम्या खांद्याचीच भीती जास्त वाटू लागली.

त्याचा रविवार आला. चौघांनी तिरडी उचलून धरली, दिगंबर आपल्या जुन्याच जागी, पुढे. चालता चालता तो म्हणाला की आण्णा देवमाणूस होता. तिघांचे गुडघे एकदम वाकले. तो म्हणाला की आमच्यात काहीच नव्हतं, नुसता गैरसमज. जोतिबा रस्त्यात खालीच बसला.

"मास्तर," इलाही म्हणाला, "आमच्याकडे बघा जरा."

मग दिगंबरने सांगितलं. दोघे एकाच दुकानात शिवत असताना आण्णाने एकदा गिऱ्हाइकासमोर दिगंबरने शिवलेली कॉलर उसवली होती आणि हात अजून कच्चा आहे म्हणाला होता. त्याच दिवशी दिगंबरने मशीन उचलून समोर दुकान मांडलं. नऊ वर्षं दोघे भाऊ समोरासमोर बसून शिवत राहिले आणि एका शब्दाने बोलले नाहीत.

"जायच्या महिनाभर आधी तो माझ्या दारात आला होता," दिगंबर म्हणाला. "हातात सदऱ्याचं कापड होतं. आण्णा, आणि माझ्याकडे शिवायला आला. मी मान वर केली नाही. बॉबिन संपली, ती बदलली, परत मशीन चालवलं. सुईखाली कापडसुद्धा नव्हतं. तो उभा राहिला, उभा राहिला आणि गेला."

 तिरडी एवढी हलकी झाली की ती हातांनी दाबून धरावी लागली. विसाव्याच्या ओट्यावर त्यांनी ती टेकवली. "खांदा बदला," रामलिंग म्हणाला, आणि या वेळी दिगंबर मागे गेला.

आता बांबू उजव्या खांद्यावर होता. डाव्या खांद्याला अकरा महिन्यांनी वारा लागला आणि त्याला रडू आलं. मागच्या बाजूला आण्णाचं डोकं होतं, अगदी त्याच्या गालाजवळ. पांढऱ्या कापडाखालून आण्णाने हात बाहेर काढला. हातात तेच सदऱ्याचं कापड होतं, घडीही न मोडलेलं.

दिगंबरने गळ्यातली टेप काढली. एक टोक आण्णाने स्वतःच धरलं.

"खांदा साडेअठरा," दिगंबर म्हणाला. पूर्वी आण्णा मापं सांगे आणि तो लिहून घेई.

"साडेअठरा," पुढून रामलिंग म्हणाला.

खात्री करावी म्हणून दिगंबरने परत टेप लावली. सोळा भरले. पुढे दहा पावलांवर चौदा; पांढऱ्या कापडाखाली आण्णा लहान होत चालला होता. पुढच्यांनी प्रत्येक आकडा म्हटला, पण मान वळवली नाही. समोर नदी दिसू लागली होती.

"सावकाश चला," तो म्हणाला.

ते सावकाशच चालत होते. त्याने टेप लावली. अकरा.