चार बोटं उरलेला दोरा

सांडोर गावातल्या केळीच्या वाडीत मंडप घातला होता आणि त्यात पोट धरून बसलेल्या बायकांची रांग होती. दोरेमहाराज एकेकीला उभं करत, "छाती भरून श्वास घे मुली," म्हणत आणि पोटाभोवती लाल दोरा गुंडाळून नेमका तोडत. मग तिला चटईवर आडवं निजवत. "सगळा श्वास सोड. गाठ निघाली बघ." तोच दोरा पुन्हा गुंडाळला की चार बोटं उरायचा. "विरघळली!" गर्दी हात जोडायची.

आशालताबाईंनीही जोडले. शेजारी त्यांची लेक अक्षया घामाने भिजली होती. तिच्या बीजांडकोशात शहाळ्याएवढी गाठ होती. डॉक्टर इनेझनी दोन वाटा सांगितल्या होत्या. पोटाला बारीक भोकं पाडून दुर्बीण घालायची, गाठीतलं पाणी काढून तिला बाहेर ओढायची. नाहीतर पोटावर उभा छेद घेऊन अख्खी काढायची.

"साधी असती तर मीच दुर्बीण म्हटलं असतं," त्या म्हणाल्या होत्या. "पण आत घट्ट भाग दिसतोय. कॅन्सर निघाला आणि गाठ आत फुटली, तर पोटभर पसरेल. अख्खीच काढू. उशीर नको, गाठीला पीळ पडू शकतो."

आशालताबाईंच्या कानांनी एवढंच धरलं, की लग्नाच्या पोरीचं पोट चिरणार. दोनदा ऑपरेशनची तारीख पुढे ढकलून त्यांनी ही तिसरी वाट शोधली होती.

"कापणाऱ्यांना पोटं हवीत," महाराज गोड हसले. "मला फक्त श्रद्धा हवी. ये मुली."

अक्षया कळ दाबतच उठली. "आधी पप्पांचं पोट मोजू."

मागे उभे असलेले तिचे वडील, सुधाकरराव, गोंधळले, पण पोरीचा चेहरा बघून पुढे झाले. महाराज काही बोलायच्या आत तिने त्यांच्या हातातला दोरा घेतला. पप्पांना श्वास भरायला लावून त्यांच्या सुटलेल्या पोटाभोवती तो गुंडाळून नेमका तोडला. मग त्यांना आडवं करून श्वास सोडायला लावला. तोच दोरा पुन्हा गुंडाळला, तर चार बोटं उरला.

"अभिनंदन, पप्पा. तुमच्या बीजांडकोशातली गाठ विरघळली."

मागे कोणीतरी फिसकन हसलं.

"उभं राहिलं की पोट पुढे येतं, श्वास भरला की आणखी फुगतं," अक्षया म्हणाली. "आडवं पडून श्वास सोडला की बसतं. वर महाराज दोरा आवळतात. बस, एवढंच."

"नास्तिकाला गाठ सोडत नाही," महाराज पुटपुटले.

तेवढ्यात कोपऱ्यातली रखमाबाई उठली. पावसाळ्यापासून ती न चुकता येत होती. "माजा दोरा दर खेपेला उरतो," ती हळूच म्हणाली. "पन पोटाला आता लुगडं पुरत नाय."

कोणी हसलं नाही. आशालताबाईंनी तिच्या पोटाकडे पाहिलं, मग लेकीच्या. अक्षया आता पोट आवळून खाली बसली होती. ढकललेल्या तारखा आठवून बाईंना स्वतःचीच भीती वाटली.

"रिक्षा बोलवा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "रखमाबाई, तुम्हीपण चला." मग रांगेकडे वळल्या. "दोऱ्याला आतलं दिसत नाही, बायांनो. ज्यांना ते तपासता येतं, त्यांच्याकडे जा. व्रण राहील तर राहू दे. आधी पोरगी राहू दे."