सातवं प्रकरण

निराधार वृद्धांना निवृत्तिवेतन देणाऱ्या कार्यालयाचा पुढच्या वीस वर्षांचा आराखडा करायला दोघीजणी बसल्या होत्या. तो पुरा होईतो एकटी आम्रपाली ओव्हाळ उरली. प्रेमलाताई मध्येच निवृत्त होऊन वाघोलीला लेकीकडे राहायला गेल्या. नियोजन कक्षातल्या त्यांच्या खुर्चीवर आता जुन्या फायलींचा ढीग असे.

त्या होत्या तेव्हा काम रेंगाळायचं, पण बोलणं व्हायचं. "वीस वर्षांनी पुण्यात एकटे म्हातारे किती असतील हो?" असं आम्रपालीनं विचारलं, की प्रेमलाताई चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "तुला धरून सांगू, की वगळून?" आम्रपालीनं लग्न केलं नव्हतं. आई गेल्यापासून वारज्याच्या घरात जे बोलायचं राहून जाई, ते ती दुसऱ्या दिवशी कक्षात येऊन बोले.

आराखड्यातलं सातवं प्रकरण प्रेमलाताईंचं. एकट्या राहणाऱ्यांच्या घरी कार्यालयाचं माणूस दर महिन्याला जाईल, घटकाभर बसेल, हवं-नको विचारेल. "पैसे काय, खात्यात पडतात," त्या म्हणायच्या. "दार कोण वाजवणार?"

शेवटच्या बैठकीत कार्यालयप्रमुख अभय साहेबांनी नेमकं त्याच प्रकरणावर बोट ठेवलं.

"मॅडम, एवढी माणसं आणायची कुठून? त्यापेक्षा आपोआप फोन जाईल. बरे असाल तर एक दाबा, नसाल तर दोन."

"सर, फोनला चहा विचारता येत नाही," आम्रपाली म्हणाली.

सगळे हसले. तिला वाटलं, पटलं यांना. हसणं ओसरल्यावर साहेबांनी पान उलटलं आणि सातवं प्रकरण वगळून आराखडा मंजूर झाला. टाळ्या पडल्या. तिनंही वाजवल्या.

रविवारी ती वाघोलीला गेली. कुणीतरी आपल्यावर चिडावं, 'तू काय करत होतीस तिथे?' असं विचारावं, एवढंच तिला हवं होतं. प्रेमलाताईंनी दार उघडायला बराच वेळ लावला. लेक-जावई बाहेर गेले होते. टीव्ही आवाज बंद करून चालू होता.

"मंजूर झाला आराखडा," आम्रपाली म्हणाली.

"आणि माझं प्रकरण?"

"राहिलं हो." गळून गेलं, असंच तिला म्हणायचं होतं.

"राहिलं?" प्रेमलाताईंचा चेहरा एकदम फुलला. "अगं, मला वाटलं, पहिलं तेच उडवतील! साहेब काही बोलले नाहीत?"

आम्रपालीनं तोंड उघडलं. प्रेमलाताई तोवर स्वयंपाकघरात पोचल्याही होत्या. "थांब, थालीपीठ लावते. इथे कुणी खायला नसतं, मग करायचाही कंटाळा येतो," त्या आतून मोठ्यानं बोलत होत्या. "आणि एक लिहून घे. जाणाऱ्या माणसाच्या हातात टॅब देऊ नका. नुसतंच बघत बसतात त्याच्यात."

आम्रपालीनं पर्समधून पेन काढलं आणि लिहून घेतलं.

परतीच्या बसमध्ये तिला खिडकीजवळची जागा मिळाली. खराडीपाशी बस बराच वेळ अडकून पडली. आपण काय करून बसलो, हे कुणाला तरी सांगावं असं तिला फार वाटत होतं. आणि जिला सांगावं अशी बाई तिच्या ओळखीत एकच होती.

पुढच्या रविवारी ती पुन्हा गेली. पावसाळ्यात माणसं घरोघरी कशी पाठवायची, याचा प्रेमलाताईंनी विचार करून ठेवला होता.