दोन विहिणी आणि एकही उत्तर नाही

ताईचं लग्न आईच्या इंग्रजीवर अडलं होतं. होणाऱ्या भावोजींची भाषा वेगळी, आणि त्यांच्या आईंची अट स्पष्ट होती: मुलीच्या आईशी मी स्वतः बोलणार, मध्ये दुभाषी नको, मन भरलं तरच होकार. दोघींना सामाईक भाषा एकच, इंग्रजी. म्हणजे ती दोघींनाही सारखीच येत नव्हती.

आई पडदे शिवते. मशीनशेजारी मोबाइल टेकवून तिने ऑनलाइन क्लास लावला. सरांची पद्धत पक्की होती. पहिला महिना नुसते प्रश्न आणि इन, ऑन, ॲट. उत्तरं दुसऱ्या महिन्यात. "विचारणारा कधी अडकत नाही," सर म्हणत, "अडकतो तो सांगणारा."

सरावासाठी आईने बाबांना घेतलं, कारण घरात सहज हलवता येईल असं दुसरं काही रिकामं नव्हतं. बाबा स्टुलावर चढले की ऑन, दारापाशी उभे राहिले की ॲट. इनसाठी त्यांना कपाटात शिरावं लागे.

"अगं, झालं का?" कपाटातून आवाज यायचा.

"थांबा हो, घाई कसली? अजून अंडर राहिलंय."

निवृत्तीनंतर माणसाने स्वतःला कशात तरी गुंतवून घ्यावं, हे बाबांचंच मत होतं.

पहिला महिना संपायच्या आतच विहीणबाईंचा व्हिडिओ कॉल आला. ताईचा चेहरा पांढराफटक.

"आई, काही सुचलं नाही तर नुसती हस."

"मी काय फोटो काढायला बसलेय?"

पडद्यावर विहीणबाई आल्या. पाठ ताठ, चष्मा नाकावर.

"हाऊ आर यू?"

"हाऊ आर यू?" आई म्हणाली.

"व्हेअर डू यू लिव्ह?"

"व्हॉट इज युअर हॉबी?"

"हू इज ॲट द डोअर?"

दारात कुणीच नव्हतं. आईने तो प्रश्न सफाईने परतवला. "व्हॉट इज इन द बॅग?"

मी ताईकडे पाहिलं. तिने कपाळावर हात मारला. "त्यांना क्लास मीच सुचवला," ती कुजबुजली. "हाच. हेच सर."

दोघींचाही पहिलाच महिना. उत्तर देणं दोघींच्या हाताबाहेरचं होतं, त्यामुळे अडायचा प्रश्नच नव्हता. गाडी सुसाट सुटली. बस किती वाजता येते, मांजर कुठे आहे, तुम्हाला पोहता येतं का. मग आईने विचारलं, "डू यू स्लीप वेल?"

विहीणबाई थांबल्या. चष्मा काढून पुसला. तो परत नाकावर ठेवून म्हणाल्या, "डू यू?"

आईही थांबली. मग दोघी नुसत्याच हसल्या आणि फोन बंद झाला.

"संपलं सगळं," ताई म्हणाली. "काहीच सांगितलं नाहीस तू त्यांना!"

"त्यांनी तरी कुठे सांगितलं? पण बाई फार आपुलकीची आहे."

संध्याकाळी भावोजींचा निरोप आला. ताईने मोठ्याने वाचला: "आई म्हणते, जन्मात मला एवढं कुणी विचारलं नव्हतं. याच घरातली सून हवी."

ताईने मला मिठी मारली, मग शिलाई मशीनला.

आई मात्र पडद्याची किनार दुमडत बसली होती. "मलाही," ती म्हणाली, "कधी कुणी विचारलं नव्हतं."

बाबांनी घसा खाकरला, एक पाऊल पुढे आले आणि म्हणाले, "दमलीस का गं?"

आईने किनार खाली ठेवली. त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"काय हवंय?"